काळूचा पारा आणि शेवाळाची हद्द

काळू नदी माळशेजच्या डोंगरात उगवते, मुरबाड तालुक्यातून टिटवाळ्याकडे येते आणि आंबिवलीच्या पुढे उल्हासला मिळते. मुरबाड तालुका तिच्या वरच्या अंगाचा. जड धातूंनी तिला गाठले ते खाली, मोहने-आंबिवलीला रेयॉन बनू लागल्यावर. रेयॉनला कॉस्टिक सोडा लागतो. तो त्या काळी पाऱ्याच्या विद्युत्-घटांत मिठाच्या पाण्यापासून काढत. शिवाय धागा ज्या आम्लाच्या कुंडात घट्ट होई, त्यात जस्ताचे क्षार असत. 1980च्या आसपास मुंबईच्या विज्ञान संस्थेतील संशोधकांनी इथल्या गाळात आणि काठच्या वनस्पतींत जड धातू दाखवून दिले. राज्याचा जलप्रदूषण कायदा तर 1969चा, प्रदूषण नियंत्रण मंडळ 1970चे! कायदा नव्हता ही सबब चालणारी नाही.

आता नदी शुद्ध करायला सूक्ष्म शेवाळ सुचवले जाते. कल्पना पोकळ नाही. सांडपाण्याच्या तळ्यांत शेवाळ कसे राबते, हे ऑस्वाल्ड आणि गोटास या संशोधकांनी कॅलिफोर्नियात 1957 सालीच मांडले होते. क्लोरेलासारख्या शेवाळाच्या पेशीभित्तीवर ऋणभार असतो. शिसे, तांबे, जस्त तिला चिकटतात, अगदी वाळवलेल्या शेवाळालाही. पण धातू कुजत नाही, तो फक्त जागा बदलतो. चिकटलेले शेवाळ उपसून काढले नाही तर ते माशांच्या पोटात जाते, आणि माशांतून पारा माणसांत कसा उतरतो हे जपानच्या मिनामातात 1956 साली आढळलेल्या रोगाने जगाला दाखवले. त्यातून काळू पावसाळ्यात फुगणारी, गढूळ नदी. तिच्या लोंढ्यात शेवाळ टिकणार कुठे? कोणी म्हणेल, रेयॉनचा कारखाना 2009 साली बंद पडला, मग चिंता कसली? पण गाळात बसलेला पारा कारखान्याबरोबर जात नाही, आणि पाण्यात तरंगणारे शेवाळ त्या गाळापर्यंत पोचत नाही. मग शेवाळ निरुपयोगी ठरते का? मुळीच नाही. चुना घालून धातू खाली बसवल्यावरही सांडपाण्यात थोडा उरतो. तो उरलेला भाग पकडायला बंदिस्त तळ्यातले स्वस्त शेवाळ उत्तम. त्याची जागा कारखान्याच्या नळाच्या तोंडाशी आहे, नदीच्या पात्रात नाही.

मुरबाडला आता स्वतःची औद्योगिक वसाहत आहे, म्हणजे प्रश्न नदीच्या वरच्या अंगाला येऊन ठेपला आहे. इथल्या ग्रामपंचायतींनी शेवाळाच्या प्रयोगाला होकार देण्याआधी एवढे लेखी मागावे: तळे कोणत्या नळावर, आणि धातू प्यालेले शेवाळ उपसून शेवटी टाकणार कुठे.