विमानातल्या सूचना कुठून आल्या?

विमान सुटण्याआधी हवाई सुंदरी हातवारे करून सूचना देते, तेव्हा आपण काय करतो? मोबाईल बघतो. सगळं पाठच आहे, असं आपल्याला वाटतं. आज आपण एवढंच पाहू, की या सूचना आणि व्यवस्था आल्या कुठून.

२२ ऑगस्ट १९८५. इंग्लंडमधल्या मँचेस्टर विमानतळावर एक बोइंग ७३७ कॉर्फू बेटाकडे निघालं होतं. धावपट्टीवर वेग घेत असतानाच डावं इंजिन फुटलं, इंधनाच्या टाकीला भोक पडलं आणि आग लागली. वैमानिकाने विमान थांबवलं. म्हणजे विमान जमिनीवरच होतं, बंबही जवळच होते. तरी १३७ पैकी ५५ माणसं गेली. त्यातली बहुतेक भाजून नव्हे, तर धुराने. बाहेर पडण्याच्या अरुंद वाटांवर माणसं अडकून पडली होती.

ही माणसं काय वेडी झाली होती? क्रॅनफिल्डच्या हेलन म्यूर यांनी प्रयोग करून पाहिले. स्वयंसेवकांना विमानात बसवलं आणि सांगितलं, जे निम्मे लोक आधी बाहेर पडतील त्यांना पाच पौंड जादा. आग नाही, धूर नाही; तरी लोक खुर्च्यांवरून चढून गेले, दारात कोंडले! म्हणजे नुसता स्वभावाला दोष देऊन भागत नाही, वाटही तशी हवी. पुढे पंखावरच्या दाराशी जागा मोकळी ठेवण्यात आली.

दुसरं उदाहरण १९९६ चं. अपहरण झालेलं इथिओपियन विमान इंधन संपून कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरलं. १७५ पैकी १२५ जण दगावले. कित्येकांनी जाकीट आतच फुगवलं होतं. पाणी चढलं तसे ते छताकडे उचलले गेले आणि दारापर्यंत पोहोचू शकले नाहीत. जाकीट बाहेर पडतानाच फुगवा, हे वाक्य त्यानंतर नुसतं वाक्य राहत नाही.

आता उलट बाजू बघा. २ जानेवारी २०२४, टोकियोचं हानेदा विमानतळ. उतरणारं विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. त्या लहान विमानातले पाच जण गेले. पण मोठ्या विमानातले सगळे ३७९ जण जिवंत बाहेर आले. आठपैकी तीनच दारं वापरता आली. आतली ध्वनियंत्रणा बंद, म्हणून कर्मचारी भोंग्यावरून ओरडत होते. बहुतेकांनी बॅगा जागेवरच सोडल्या.

अॅरिस्टॉटल सांगतो, चांगलं वागणं सवयीने अंगी बाणतं. धुरात विचार करायला वेळ नसतो. तो आधीच करून ठेवावा लागतो. तेव्हा पुढच्या प्रवासात बसल्या बसल्या एवढं करा: आपल्या जागेपासून पुढच्या आणि मागच्या दारापर्यंत रांगा किती, ते मोजा. डोळ्यांना दिसेनासं झालं, तरी खुर्च्यांच्या पाठी हाताने मोजता येतात.