अल्ट्रा फ्रॅक्टलमधील थर

अल्ट्रा फ्रॅक्टल या संगणक प्रणालीत एकाच चित्रासाठी एकावर एक रचल्या जाणाऱ्या स्वतंत्र फ्रॅक्टल आकृत्यांना थर किंवा लेअर म्हणतात. ही प्रणाली नेदरलँड्समधील फ्रेडरिक स्लाइकरमन यांनी विकसित केली.

छायाचित्र-संपादनातील थर रंगबिंदूंचा बनलेला असतो. येथील थर मात्र मूलतः एक गणित असते. प्रत्येक थराला स्वतःचे सूत्र, रंग भरण्याची रीत, रंगपट्टी आणि संमिश्र प्रतलावरील स्थान असते. तळाशी मँडेलब्रॉट संच ठेवून त्यावर त्याच ठिकाणाचा, पण निराळ्या रीतीने रंगवलेला दुसरा थर रचता येतो. वरचा थर मल्टिप्लाय पद्धतीने मिसळल्यास चित्र गडद होते, स्क्रीन पद्धतीने उजळते. थराचा हवा तेवढाच भाग दाखवणारा मास्कही फ्रॅक्टलच असतो.

खोलवर विवर्धन करताना एकाच थराचे स्थान बदलले, तर आकृत्यांचा मेळ सुटतो. स्थानाचे आकडे अनेक दशांश स्थळांपर्यंत जात असल्याने तो नुसत्या नजरेने पुन्हा जुळवणे जिकिरीचे ठरते. म्हणून जुळलेले थर एकत्रच हलवावेत.

जतन केलेल्या फाइलमध्ये सूत्रांचे तपशील व आकडे असतात. त्यामुळे तेच चित्र मोठ्या मुद्रणासाठी नव्याने, बारकाव्यांसह गणता येते. बाहेरून आणलेले छायाचित्र याला अपवाद. मात्र प्रत्येक थराची गणना वेगळी होत असल्याने थरांबरोबर वेळही वाढतो.