‘बाहेरील लेखक?’ : मर्क कंपनीच्या दोन निर्णयांचे वाचन

अमेरिकेतील रिचमंड येथील व्हर्जिनिया वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर १९५० रोजी जॉर्ज डब्ल्यू. मर्क यांनी एक व्याख्यान दिले. मर्क अँड कंपनीची सूत्रे त्यांनी १९२५ मध्ये वडिलांकडून स्वीकारली होती. औषध हे माणसांसाठी असते, नफ्यासाठी नव्हे, हे आम्ही कधी विसरू नये असा प्रयत्न करतो, असे त्यांनी तेथे सांगितले. आणि लगेच पुस्ती जोडली की हे ध्यानात ठेवले तर नफा मागोमाग येतोच, जितके अधिक ध्यानात ठेवावे तितका अधिक येतो. ऑगस्ट १९५२ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने त्यांचे चित्र मुखपृष्ठावर छापले. पुढे या विधानाला कंपनीच्या कुलमंत्राचे स्थान मिळाले. स्मरणात बहुधा त्याचा पूर्वार्धच राहतो. उत्तरार्ध मात्र निराळ्या जातीचा आहे. पूर्वार्धात प्रतिज्ञा आहे, उत्तरार्धात व्यापारी भाकीत आहे. आणि नीती व नफा यांची वाट एकच आहे हे गृहीतक त्या भाकिताच्या पोटात दडलेले आहे. (जर्मनीतील मर्क ही कंपनी निराळी. पहिल्या महायुद्धात ही अमेरिकन शाखा तिच्यापासून तुटली. येथे विचार अमेरिकन मर्कचा आहे.)

त्या काळी हे गृहीतक खरे वाटावे अशी परिस्थितीही होती. सेलमन वॅक्समन यांच्या विनंतीवरून कंपनीने स्ट्रेप्टोमायसिनवरील आपला अनन्य हक्क १९४०च्या दशकात सोडून दिला होता, आणि त्यामुळे ती बुडाली नव्हती.

पुढील संहिता १९७८ सालची आहे. जपानमधील कितासातो संस्थेच्या सातोशी ओमुरा यांनी मातीच्या नमुन्यातून मिळवलेला एक जीवाणू मर्कच्या प्रयोगशाळेत पोहोचला होता, आणि त्यातून आयव्हरमेक्टिन हे जनावरांतील परजीवींवरचे औषध आकाराला येत होते. घोड्यांतील एका कृमीवर ते लागू पडते असे दिसताच विल्यम कॅम्पबेल यांनी संशोधनप्रमुख रॉय व्हॅगेलोस यांच्यापुढे प्रस्ताव मांडला : त्याच जातकुळीचा कृमी आफ्रिकेतील नदीकाठच्या माणसांना आंधळे करतो, तर त्याच्यावर हे औषध वापरून पाहावे. या रोग्यांजवळ औषध विकत घेण्याइतका पैसा नाही, हे प्रस्ताव मांडणारा आणि मान्य करणारा दोघेही जाणून होते. मंजुरी मिळाली. १९८१ मध्ये बंगालच्या भूमीतून आलेले डॉ. मोहम्मद अझीझ यांनी सेनेगलमधील डाकार येथे माणसांवरील पहिली चाचणी घेतली. या प्रकरणातील प्रत्येक पायरीवर कोणाचे तरी नाव आहे, आणि ते नाव खरोखर काम करणाऱ्याचे आहे. याकडे पुढे परत यावे लागेल.

औषध सिद्ध झाल्यावर व्हॅगेलोस यांनी आधी दाता शोधला. अमेरिकन सरकार, आंतरराष्ट्रीय संस्था, कोणीही खर्च उचलण्यास पुढे आले नाही. ऑक्टोबर १९८७ मध्ये, आता कंपनीचे प्रमुख झालेल्या व्हॅगेलोस यांनी जाहीर केले की हे औषध लागेल तितके आणि लागेल तोवर विनामूल्य दिले जाईल. या घोषणेतील कालवाचक शब्द अलंकारिक नाहीत. हे औषध त्वचेतील सूक्ष्म कृमींना नष्ट करते, प्रौढ मादीला सहसा मारत नाही. ती दहा वर्षांहून अधिक जगते, म्हणून गावेच्या गावे वर्षानुवर्षे गोळ्या घेत राहतात. वचन निरवधी असणे कृमीच्या आयुष्यानेच ठरवले होते.

हे दान स्वस्तात पडले, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. जनावरांसाठीचे आयव्हरमेक्टिन १९८१ पासून भरघोस विकले जात होते, आणि आफ्रिकेत गमावण्यासारखी बाजारपेठ नव्हती. तथापि मुदत नसलेले वचन पुढच्या प्रत्येक प्रमुखाला बांधून टाकते, आणि ते मोडले गेले नाही. २०१३ मध्ये कोलंबिया, २०२५ मध्ये नायजर हे देश या रोगातून मुक्त ठरले. कॅम्पबेल व ओमुरा यांना २०१५ चे नोबेल मिळाले. मात्र मर्क यांच्या वाक्याची परीक्षा येथे झालीच नाही, असे मला वाटते. दोन वाटा फुटल्याशिवाय निवड संभवत नाही.

त्या वाटा व्हायॉक्सच्या वेळी फुटल्या. रोफेकॉक्सिब हे वेदनाशामक मे १९९९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. २००३ मध्ये त्याची विक्री सुमारे २५० कोटी डॉलर होती. जुन्या औषधांच्या मानाने ते पोटाला कमी त्रासदायक, हा त्याचा दावा. आठ हजारांहून अधिक रुग्णांवरील ‘व्हिगर’ चाचणीने नोव्हेंबर २००० मध्ये तो सिद्धही केला. त्याच शोधनिबंधात हृदयविकाराच्या झटक्यांचे प्रमाण व्हायॉक्स घेणाऱ्यांत ०.४ टक्के, तर नॅप्रॉक्सेन घेणाऱ्यांत ०.१ टक्का असे आले. व्हायॉक्स घातक नसून नॅप्रॉक्सेन संरक्षक आहे, असा अर्थ तेथे लावला गेला. त्याच आकड्यांचे हे दुसरे वाचन तर्काने अशक्य नव्हते. पण ज्याच्या हिताचे ते होते, त्यानेच ते पुढे केले होते.

डिसेंबर २००५ मध्ये निबंध छापणाऱ्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने चिंता प्रकट केली की व्हायॉक्स गटातील आणखी तीन झटके निबंधात नव्हते. ते आधी ठरवलेल्या अंतिम तारखेनंतरचे होते, असे कंपनीचे उत्तर. खरे, परंतु हृदयाच्या घटना मोजण्याची ही तारीख पोटाच्या घटना मोजण्याच्या तारखेच्या एक महिना अलीकडची होती. कथन कोठे थांबवायचे, हा निवेदकाचा अधिकार आपण साहित्यविचारात सहज मान्य करतो. येथे एका कथनाला दोन शेवट होते, आणि औषधाला सोयीचा भाग उशिरापर्यंत चालू राहिला.

३० सप्टेंबर २००४ रोजी, दुसऱ्या एका चाचणीत धोका पुन्हा दिसल्यावर, कंपनीने औषध जगभरातून मागे घेतले. खटल्यांतून बाहेर आलेल्या सुमारे अडीचशे कागदपत्रांचा अभ्यास एप्रिल २००८ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. औषधावरील कित्येक लेख कंपनीच्या वा भाडोत्री लेखनसंस्थांच्या हातून तयार होत आणि मागाहून विद्यापीठीय नावे त्यांवर चढवली जात, असा त्याचा निष्कर्ष होता. एका मसुद्यात पहिल्या लेखकाच्या जागी नुसती नोंद होती : ‘बाहेरील लेखक?’ कंपनीने आरोप नाकारले; त्या तज्ज्ञांचा सहभाग खरा होता, असे तिचे म्हणणे. लेखकाच्या मृत्यूची चर्चा आपण चार दशके केली. त्याची रिकामी जागा व्यवहारात कशी भरली जाते, हे या एका प्रश्नचिन्हाइतके स्पष्ट मी कोठे वाचलेले नाही. १९७८ च्या प्रस्तावामागे माणूस उभा होता, म्हणून त्याला उत्तर देता आले आणि त्याच्याकडे उत्तर मागताही आले. येथे आधी वाक्ये तयार झाली, मग ती कोणाची हे ठरले.

नोव्हेंबर २००७ मध्ये कंपनीने ४८५ कोटी डॉलरांची तडजोड केली. दोष मान्य केला नाही. २०११ मध्ये मात्र, मान्यतेपूर्वीच संधिवातासाठी औषधाचा प्रचार केल्याबद्दल गुन्हा कबूल करून ती दंडासह ९५ कोटी डॉलर भरण्यास राजी झाली. कबुलीजबाबाचा कर्ता कंपनी हाच आहे.

ती तडजोड अमेरिकेतील दाव्यांपुरती होती. भारतात त्या काळी औषधाच्या कृतीला पेटंट मिळे, औषधाला नाही. त्यामुळे रोफेकॉक्सिब येथील कंपन्यांच्या नाना नावांनी विकले जात होते. केंद्र सरकारने डिसेंबर २००४ मध्ये त्याचे उत्पादन व विक्री बंद केली. काही आठवड्यांत, १ जानेवारी २००५ पासून, औषधांना उत्पादन-पेटंट लागू झाले. त्या दरम्यान येथे गुडघेदुखीसाठी ज्यांनी या गोळ्या घेतल्या, त्यांची नावे न्यू जर्सीच्या किंवा टेक्ससच्या खटल्यांतील कागदांत नाहीत. त्यांच्या पाकिटांवर मर्कचे नावही नव्हते.