चुकीच्या बाटलीतून आलेली गोळी

अंग ठणकलं, डोकं धरलं, कणकण वाटली की घरोघरी जी गोळी शोधली जाते, त्या पॅरासिटामॉलचं कूळ एका चुकीच्या बाटलीपर्यंत जातं.

1886 साली, जर्मन साम्राज्यातल्या स्ट्रासबुर्गमध्ये, आर्नोल्ड कान आणि पाउल हेप हे तरुण डॉक्टर जंतांवर नॅफ्थलीन देऊन पाहत होते. डांबरगोळ्यांमध्ये असतं तेच. एका रुग्णाचा तापच झपाट्याने उतरला. चौकशी केली, तर नॅफ्थलीनऐवजी अ‍ॅसिटॅनिलाइड हे भलतंच रसायन पुरवलं गेलं होतं. ‘अँटिफेब्रिन’ नावाने ते लगेच विकायला आलं. ताप उतरे, वेदना शमे. पण काहींचे ओठ निळे पडत, कारण रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होई.

मग त्याची भावंडं तपासली गेली. बायर कंपनीचं फेनासेटिन बाजारात चाललं. पॅरासिटामॉल 1878 मध्येच तयार झालेलं होतं. 1893 मध्ये योसेफ फॉन मेरिंग यांनी ते रुग्णांना देऊन पाहिलं. गुणकारी आहे, पण हेही रक्त बिघडवतं, असा त्यांनी निर्वाळा दिला. स्वादुपिंड काढलं की कुत्र्याला मधुमेह होतो, हे 1889 मध्ये दाखवणाऱ्या दोघांपैकी ते एक. अशा माणसाच्या शब्दाला वजन असणारच. त्यांच्या नमुन्यात दुसऱ्या रसायनाचा अंश राहिला असावा, असं आज मानतात. मला खटकतं ते एवढंच, की पुढची पन्नास वर्षं तो शब्द कोणी नीट पारखून पाहिला नाही.

तो पारखला गेला न्यूयॉर्कमध्ये. बर्नार्ड ब्रॉडी यांच्या हाताखाली ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड काम करत होते. तेव्हा त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती. नोबेल पुढे 1970 मध्ये मिळालं, तेही वेगळ्या कामासाठी. अ‍ॅसिटॅनिलाइडने माणूस निळा का पडतो, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. 1948 मध्ये त्यांनी उत्तर प्रसिद्ध केलं. शरीरात गेल्यावर या औषधाला दोन वाटा फुटतात. थोड्या भागाचं अ‍ॅनिलिन होतं आणि रक्त बिघडतं. बहुतेक भागाचं पॅरासिटामॉल होतं, आणि वेदना शमते ती त्यानेच. फेनासेटिनचंही शरीरात मुख्यतः पॅरासिटामॉलच होतं, हे वर्षभरात कळलं. दुकानात ज्याला थारा नव्हता, ते औषध साठ वर्षं रुग्णांची शरीरंच बनवत होती, आणि सोबतचं विषही सोसत होती.

यानंतर वेळ लागला नाही. 1955 मध्ये अमेरिकेत मुलांसाठी ‘टायलेनॉल’चं पातळ औषध निघालं, पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये ‘पॅनाडॉल’ची गोळी. फेनासेटिन मात्र डोकेदुखीच्या मिश्र गोळ्यांमधून कित्येक वर्षं खपतच राहिलं. या गोळ्या रोज घेणाऱ्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे 1950च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी नोंदवलं होतं. अमेरिकेने त्यावर बंदी घातली 1983 मध्ये.