फायनल कट आणि वळिवडे

परवा गांधीनगरला गेलो होतो, लग्नाचा बस्ता बांधायला. बायका साड्यांच्या ढिगाऱ्यात गडप झाल्यावर आम्ही पुरुषमंडळी जे करतो तेच मी केलं. गाडीत येऊन बसलो आणि गाणी लावली. लागला नेमका पिंक फ्लॉइडचा 'द फायनल कट'. या अल्बमबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं, पण त्याची गोष्ट गांधीनगरात येऊन संपते हे मलाही फार उशिरा कळलं.

तर सुरुवात अकरावी-बारावीची. 'डार्क साइड ऑफ द मून' आणि 'द वॉल' ऐकून आम्ही चारपाच जण स्वतःला फार शहाणे समजायला लागलो होतो. रंकाळ्यावर बसून गिल्मरच्या गिटारवर चर्चा वगैरे. त्यातल्या एकाने पुण्याहून 'फायनल कट'ची कॅसेट आणली. मोठ्या अपेक्षेने लावली. एक माणूस कुजबुजतोय, मग एकदम किंचाळतोय, मध्येच घड्याळाची टिकटिक, मध्येच स्फोट, आणि गिटार जवळजवळ नाहीच. दुसरी बाजू लावायच्या आतच एक मित्र म्हणाला, "भावा, ही काय गाणी हायत व्हय? कोण मेलंय काय ह्येंच्यात?"

कॅसेट परत डबीत गेली. मित्राचा प्रश्न मात्र अगदी बरोबर होता. मेलं होतं.

रॉजर वॉटर्सचे वडील, एरिक फ्लेचर वॉटर्स, १८ फेब्रुवारी १९४४ रोजी इटलीत अँझिओच्या लढाईत मारले गेले. रॉजर तेव्हा पाच महिन्यांचा. हे वडील आधी युद्धविरोधी होते. लढायला नकार देऊन लंडनवर बॉम्ब पडत असताना त्यांनी अँब्युलन्स चालवली, आणि पुढे मतपरिवर्तन होऊन स्वतःहून फौजेत गेले. अल्बम त्यांनाच अर्पण केलेला आहे. निघाला मार्च १९८३ मध्ये, म्हणजे फॉकलंडच्या युद्धानंतर वर्षाच्या आत. त्या युद्धात २५५ ब्रिटिश आणि ६४९ अर्जेंटिनी सैनिक गेले होते. वॉटर्सचा संताप असा, की ज्या शांततेसाठी माझा बाप मेला ती हीच का?

यावरून फ्लॉइडच्या चाहत्यांत आजही दोन तट आहेत. एक तट म्हणतो, हा वॉटर्सचा एकट्याचा अल्बम, बाकीचे नावाला. त्यात तथ्य आहे. रिचर्ड राइट तोवर बाहेर पडला होता, गिल्मर मुख्य गायक म्हणून फक्त एका गाण्यात आहे, आणि 'द वॉल'मधून वगळलेली गाणी पुन्हा वापरणं त्याला पटलेलं नव्हतं. दुसरीकडे 'रोलिंग स्टोन'ने याला पाच तारे दिले. मी बरीच वर्षं पहिल्या तटात होतो. 'रडगाणं' हा माझा आवडता शब्द.

मग मध्ये कधीतरी दुसऱ्या महायुद्धातल्या इटलीबद्दल वाचत होतो. वाचायचं होतं मराठा पलटणींबद्दल. अँझिओचं नाव आलं तसं लक्षात आलं, की हे लँडिंग जानेवारी १९४४ मध्ये केलं ते माँटे कॅसिनोला अडून बसलेल्या जर्मनांना मागून गाठायला. कॅसिनोचा मठ शेवटी १८ मे रोजी जिंकला तो जनरल अँडर्सच्या पोलिश सैन्याने. आणि त्या सैनिकांपैकी कित्येकांच्या बायकामुलं त्या वेळी होती कुठं? कोल्हापूरपासून दोनेक कोसांवर, वळिवड्यात!

वळिवड्याचा पोलिश कँप आपल्याला ऐकून माहीत असतो, महावीर उद्यानातला स्तंभही येताजाता दिसतो. १९४० मध्ये रशियाने पूर्व पोलंडमधून हाकलून सैबेरियात नेलेली ही माणसं. १९४१ मध्ये सुटका झाली, मग इराणमार्गे हिंदुस्थानात. १९४३ ते १९४८ या काळात साधारण ५००० जण इथं राहिले. शाळा, दवाखाना, चर्च सगळं होतं. पुरुष लढायला गेलेले.

माझी आजी उचगावची. लहानपणी ती वडिलांबरोबर कँपात भाजी विकायला जायची. तिची एक आठवण मी दहा वेळा ऐकली असेल. रोज भाव करून भांडणारी एक गोरी बाई एके दिवशी हातात कागद धरून पायरीवर बसली होती. भाजी घेतली नाही की वर बघितलं नाही. "मला वाटलं, पैसं नसतील," आजी म्हणायची. मीही तेवढंच समजून हसायचो. तो कागद कसला असेल हे विचारायचं कधी सुचलंच नाही, आणि आता विचारायला आजी नाही.

त्यानंतर 'साउदॅम्प्टन डॉक' ऐकलं. १९४५ मध्ये परतणाऱ्या बोटी बघणाऱ्या बायका आणि १९८२ मध्ये पुन्हा त्याच धक्क्यावरून पोरांना निरोप देणाऱ्या बायका, एवढंच ते गाणं. दोन मिनिटांचं. मला दिसली ती वळिवड्याची पायरी. वॉटर्सला निदान त्याचं गाव तरी राहिलं. वळिवड्याच्या लोकांचं पूर्व पोलंड याल्टाच्या बैठकीत रशियाकडे गेलं, तेही त्यांच्या माणसांनी कॅसिनो जिंकून दिल्यावर. 'द गनर्स ड्रीम'मधला आकाशातून पडणारा सैनिक मरतामरता सुरक्षित, साध्यासुध्या जगण्याचं स्वप्न बघतो, तेव्हा हल्ली माझा हात आवाज कमी करायला जात नाही.

सगळाच अल्बम आवडतो असं नाही हं. 'नॉट नाऊ जॉन' अजून पुढे ढकलतो. आणि जगातल्या पुढाऱ्यांना एका वृद्धाश्रमात कोंडायची 'फ्लेचर मेमोरियल होम'ची कल्पना भारी असली तरी जरा पोरकट आहेच.

१९४८ पर्यंत पोलिश मंडळी पांगली. बरीच इंग्लंडला गेली, म्हणजे वॉटर्सच्याच देशात. त्यांच्या रिकाम्या घरांत फाळणीतून आलेली सिंधी कुटुंबं राहायला आली, आणि त्या वसाहतीचं नाव पडलं गांधीनगर. मी गाडी लावून गाणी ऐकत बसलो होतो ते तिथंच.

असो. नातेवाइकांपैकी कोणी हे वाचत असेल तर एक काम आहे. आजीच्या पेटीत भरतकामाचा एक पांढरा रुमाल होता, कोपऱ्यात लाल फुलं असलेला. कँपातल्या बाईने जाताना दिला असं ती सांगायची. आत्या म्हणते काकूकडे, काकू म्हणते आत्याकडे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी एक फोटो तरी पाठवा.