अर्थ नसलेली गाणी

मंडळाच्या करमणुकीच्या कार्यक्रमात अर्थ नसलेली सिनेगीते असू नयेत, असे आपल्यातील काही भगिनींचे मत आहे. त्यांचा मान राखून या गाण्यांचा थोडा इतिहास सांगते. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. चार शब्द गोड मानून घ्यावेत.

अशा गाण्यांचे मोठे कर्ते म्हणजे सी. रामचंद्र, अर्थात रामचंद्र नरहर चितळकर. जन्म १९१८ चा, नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचा. १९४७ च्या 'शहनाई'त त्यांनी रविवारच्या भेटीचे विलायती ढंगाचे गाणे दिले, १९४९ च्या 'पतंगा'त रंगूनहून टेलिफोन करणाऱ्या नवऱ्याचे. १९५७ च्या 'आशा'त 'ईना मीना डीका' आले. दाराबाहेर खेळणाऱ्या मुलांच्या इंग्रजी मोजणीवरून ते सुचले आणि जॉन गोम्स या गोव्याच्या साहाय्यकाने त्यात 'मला नको' अशा अर्थाचे कोंकणी शब्द घातले, असे सांगतात. गीतकार राजेंद्र कृष्ण. किशोरकुमार आणि आशाताई, दोघांनीही ते निरनिराळे गायिले आहे.

सिनेगीतांना विरोधही झाला. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरून ही गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांना शास्त्रीय संगीताची गोडी लागावी, हा हेतू चांगलाच होता. पण लोकांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला! त्याच वर्षी तेथून बिनाका गीतमाला सुरू झाली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने विविध भारती सुरू केली आणि सिनेगीते सन्मानाने परत आली.

असे का व्हावे? या गाण्यांना तयारीचा गळा लागत नाही. शब्द थोडे, तेच पुन्हा पुन्हा येतात. दोनदा ऐकले की पाठ. आपल्या हादग्याच्या कितीतरी गाण्यांतील शब्दांचा अर्थ तरी कोठे धड सांगता येतो? तरी फेर धरला की जिला कधी कोणी 'तू गा' म्हटले नाही, तीही सूर मिसळते.

आणि 'ऐ मेरे वतन के लोगो' हे गीत लताबाईंनी २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत गायिले, त्याची चालही याच रामचंद्रांची. गंभीर आणि गमतीचे, दोन्ही त्यांनी मन लावून केले.

म्हणून भगिनींनो, कार्यक्रमात भजन असावे, भावगीत असावे. आणि मागच्या रांगेतल्या बायकांनाही गाता येईल, असे एक गमतीचे गाणेही जरूर असावे.