पेल्यातला ऋतू : जपानी चहाच्या अभ्यासाची प्रस्तावना

वर्धा जिल्ह्यातल्या तळेगाव (श्यामजी पंत) भागात संत्र्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न बहाराचा असतो. आंबिया की मृग? थंडी सरताना, जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबिया. पावसाबरोबर जून-जुलैत फुलतो तो मृग. झाड तेच, माती तीच, पण फळाची साल, रस आणि गोडी बहारागणिक वेगळी. आष्टी-कारंजा पट्ट्यातल्या बागाईतदाराला हे कुणी शिकवावे लागत नाही. म्हणून जपानी चहाच्या अभ्यासाची सुरुवात या गावातून करणे मला स्वाभाविक वाटते. चहाच्या पानाविषयी जपानमधला शेतकरी नेमके हेच विचारतो : तोडणी कोणती?

वसंतातल्या पहिल्या तोडणीला ‘शिंचा’, म्हणजे नवा चहा म्हणतात. चहाच्या मुळांत थिआनिन नावाचे द्रव्य तयार होते. हिवाळाभर झाड ते राखून ठेवते आणि वसंतातल्या कोवळ्या पालवीत ते उतरते. शिंचाची गोडसर, भरीव चव त्यातून येते. पानावर ऊन पडू लागले की त्याच द्रव्यापासून तुरट घटक बनतात, म्हणून उन्हाळ्यातल्या पुढच्या तोडण्या अधिक तुरट होतात. ‘ग्योकुरो’ या उंची चहासाठी तर मळ्यावर तोडणीआधी सुमारे २० दिवस सावली धरतात. तोडणीचा दिवस मोजण्याचीही रीत आहे. ४ फेब्रुवारीच्या सुमारास येणाऱ्या वसंतारंभापासून ८८वा दिवस, म्हणजे साधारण २ मे. या दिवसाला ‘हाचिजूहाचिया’ म्हणतात. आपल्याकडे मृग लागण्याकडे डोळे असतात, तसेच तिथल्या चहाच्या गावांचे या दिवसाकडे.

पुढचे वर्षही असेच पेल्यापेल्याने सरकते. उन्हाळ्यात घरोघर ‘मुगिचा’ गार करून ठेवतात. त्यात चहाचे पान नसतेच. भाजलेल्या जवाचे ते पाणी. नोव्हेंबरात मातीच्या बरणीचे सील फोडून, वसंतात तोडून मुरायला ठेवलेली पाने बाहेर काढतात आणि जात्यावर दळून त्यांचा ‘माच्चा’ करतात. या विधीला ‘कुचिकिरी’ म्हणतात. नव्या वर्षाच्या आरंभी ‘ओबुकुचा’ पितात; त्यात खारवलेले उमेबोशी फळ आणि कोंबू हे समुद्री शेवाळ घालतात. लग्नकार्यात खारवलेल्या चेरीच्या फुलांवर गरम पाणी ओतून ‘साकुरायु’ देतात. भाजलेला तांदूळ मिसळलेला ‘गेनमाइचा’ आणि भाजल्या पानांचा ‘होजिचा’ रोजच्या घरातले. गेनमाइचाचा पहिला वास घेताना आपल्या माणसाला लाह्यांची आठवण होईल.

भांडीही ऋतू पाळतात. चहाविधीच्या खोलीत नोव्हेंबर ते एप्रिल जमिनीतली चूल पेटते, मे ते ऑक्टोबर सुटी शेगडी. थंडीत उभट, खोल वाडगा, कारण त्यात ऊब टिकते. उन्हाळ्यात पसरट, कारण त्यात चहा लवकर निवतो. सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) या चहागुरूने ज्या साधेपणाला प्रतिष्ठा दिली, त्याच्या मुळाशी हीच जाण आहे : उन्हाळ्यात पाहुण्याला गारवा जाणवावा, हिवाळ्यात ऊब.

या परंपरेचा इतिहास थोडक्यात सांगतो. एइसाइ हा झेन भिक्षू ११९१ साली चीनहून परतताना चहाचे बी घेऊन आला. १२११ साली त्याने ‘किस्सा योजोकि’ हा ग्रंथ लिहून चहाला औषधाचे स्थान दिले. १७३८ साली उजीजवळच्या नागातानी सोएनने पाने वाफवून, वळून वाळवण्याची रीत बसवली आणि आजचा ‘सेंचा’ घडला. सेंचाला ७०–८० अंशांचे पाणी लागते, ग्योकुरोला ५०–६०, होजिचाला मात्र उकळते चालते. आपल्या आधणात पाने खळखळ उकळण्याची सवय इथे बाजूला ठेवावी लागते.

वर्धा जिल्ह्यातला वाचक इथे एक हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. सेवाग्रामच्या गांधीजींनी १९४२ साली ‘आरोग्य की कुंजी’त लिहिले की चहा, कॉफी, कोको यांपैकी कशाचीही शरीराला गरज नाही. त्याच पुस्तकात ते हेही नोंदवतात की चीनमध्ये चहाचा खरा उपयोग पाणी उकळल्याची खूण म्हणून झाला. एइसाइ आणि गांधीजी यांच्यामध्ये सात शतकांचे अंतर आहे, दोघांचे निष्कर्ष उलट आहेत, पण प्रश्न एकच आहे : आपण जे पितो ते शरीराला आणि मनाला काय करते? या विषयाच्या अभ्यासकाने दोघांनाही जवळ ठेवावे. जपान आणि वर्धा यांची ओळखही जुनी आहे. निचिदात्सु फुजी हे जपानी भिक्षू १९३३ साली वर्ध्यात गांधीजींना भेटले, आणि त्यांच्या पंथाचा मंत्र पुढे आश्रमाच्या प्रार्थनेत आला.

जपानी चहा समजून घेताना आपलेच घर नव्याने दिसू लागते. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त ऋतुचर्येचा स्वतंत्र अध्याय आहे. वसंतात सुंठेचे किंवा मधाचे पाणी, ग्रीष्मात मातीच्या नव्या भांड्यातले पन्हे, शरदात दिवसा उन्हाने तापलेले आणि रात्री चांदण्याने निवलेले हंसोदक, अशी पेये त्यात सांगितली आहेत. विदर्भातल्या घरांतही हे पंचांग चालत आले आहे : अक्षय तृतीयेला नव्या घागरीचे पाणी आणि पन्हे, भाद्रपदात महालक्ष्म्यांपुढे ज्वारीची आंबील, कोजागरीला आटवलेले दूध, झडीच्या दिवसांत गवती चहा आणि आले. साखर-दुधाचा बारमाही चहा गावोगाव पोचला तो विसाव्या शतकात. १९०३ साली चहावर उपकर बसला, त्या पैशातून देशभर प्रचार झाला, आणि मे महिन्याच्या दुपारीही आपण तोच चहा पिऊ लागलो. त्या चहाने माणसे जोडली, हे मी आनंदाने मान्य करतो. पण त्याच्या सावलीत बाकीची पेये एकेक करून मागे पडली.

या अभ्यासातून मला एक गोष्ट पटली आहे. ज्या पेयाला नाव, दिवस आणि भांडे लाभते ते टिकते. आंबील टिकली ती महालक्ष्म्यांमुळे. शिंचा टिकला तो ८८व्या दिवसामुळे. ज्यांना दिवस मिळाला नाही, अशी किती पेये आजीबरोबर गेली असतील!

या क्षेत्रात येणाऱ्याला मोठी सामग्री लागत नाही. चिमूटभर सेंचा, निवू दिलेले पाणी, आणि चव, वास व तारीख लिहायला एक वही पुरे. एकच पान तीन वेळा भिजवा. दर वेळी ते वेगळे बोलते. त्याच वहीत दुसऱ्या बाजूने आपल्या घरातल्या पेयांची नोंद सुरू करा : नाव काय, कोणत्या दिवशी करतात, कशातून देतात, कुणाकडून शिकले. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईला आधी विचारा, आणि हे काम पुढच्या बहारावर ढकलू नका.